पेटीमामांचं तिसरं कडवं कुणाला आठवतंय का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. देवगड, मालवण, कुडाळ भागातल्या शाळांत १९८३ नंतर जे कुणी शिकले असतील, त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. शाळाशाळांत पेटी (हार्मोनियम) घेऊन येणारे, मुलांसाठी गाणारे आपले पेटीमामा गेल्या चैत्रात गेले. वय ८१. घरच्यांनी नाव छापू नका असं सांगितलंय, आणि खरं तर त्यांचं नाव आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक होतं? एसटीतून पेटी उतरली की मामा आले, एवढंच आपल्याला कळायचं.

मी त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षभरात मामांकडे बसून जे ऐकलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे हरवणार नाही.

त्यांचं गाव विजयदुर्ग खाडीच्या काठावर. पेटी शिकले ती भजनात. गावच्या बुवांच्या शेजारी भाता मारायला बसायचे. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर पडायला लागली त्याआधी दोन वर्षं नुसता भाता. सतराव्या वर्षी मुंबईला गेले. लालबागमध्ये गाववाल्यांच्या खोलीत राहिले, गिरणीत साच्यावर लागले. पाळी सुटली की भजन. खोलीत पंधराजण, झोपायला जागा पाळीपाळीने, पण पेटीला कोपरा ठरलेला. ती पेटी त्यांनी पहिल्या बोनसातून घेतलेली. खर्ज आणि नर अशी दुहेरी सुरांची.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मामा म्हणायचे, पहिले दोन महिने वाटलं गणपतीच्या आधी मिटेल. गणपती आले, मिटला नाही. ते पेटी घेऊन गावी आले आणि परत गेलेच नाहीत. ३८ वर्षांचा माणूस, घरात बायको नि दोन मुलं, वाटणीची सहा गुंठे जमीन.

पोटासाठी एका दशावतारी कंपनीत पेटी धरली. तिथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागलं असं मला वाटतं. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा सुरू होणार, पहाटेपर्यंत चालणार. पोरं संध्याकाळपासूनच पुढे जागा धरून बसलेली. गणपती येतो, मग काळ्या कपड्यातला संकासुर येतो, मालवणीत भांडतो, तेवढ्यापुरती पोरं टक्क जागी. पुढे राजे, ऋषी, युद्धाची बोलणी सुरू झाली की एकेक मूल आईच्या मांडीवर कलंडतं. मामा पेटीवरून हे रोज बघायचे. एका गावी रंगपटात तयारीला उशीर होता, मुलं रडायला लागली, तेव्हा हे पेटी घेऊन पुढे येऊन बसले आणि मनात येईल ते गायला लागले. मुलं जे ओरडतील ते गाण्यात घालायचे. त्या रात्री त्यांनी ठरवलं की आपला प्रेक्षक हाच.

त्यानंतर तीस वर्षं शाळा, अंगणवाड्या, जत्रा, बारशी. मानधन म्हणून कुठे वीस रुपये, कुठे दोन पायली तांदूळ, कुठे कोकमाची सोलं. मुलांना कधीही 'गप्प बसा' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता माझं काम. त्यांचं होडीचं गाणं मी वर्गात घेते. दोन कडवी पक्की आठवतात:

एक होडी, दोन वल्ही,
दर्यो इचारता, "खय चल्ली?"
होडी म्हणता, "पलीकडे,
आजयेन केल्यान आज वडे!"

तीन कवाथे, चार माड,
वारो इचारता, "कोण द्वाड?"
माड म्हणतत, "आमी नाय,
शेंड्यार बसलो माकडभाय!"

तिसरं कडवं 'पाच' ने सुरू होतं, पुढचं जात नाही. मामांना शेवटी शेवटी विचारलं तर नुसते हसायचे. कुणाला येत असेल तर कृपया लिहा.

---

खाडीपलीकडचा

सुरंगीताई, वाचून गलबलून आलं. आम्ही राजापूर तालुक्यातले, खाडीच्या या काठावरचे. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, पण मामांच्या लेखी दोन्ही काठ एकच होते. तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, यायचे. तरीवाला त्यांच्याकडून पैसे घेत नसे, त्याऐवजी पलीकडे पोचेपर्यंत एक अभंग.

आमच्या शाळेत ते दर पावसाळ्यात एकदा यायचे. पेटी तीन थर गुंडाळलेली असायची: आत धोतर, त्यावर घोंगडी, त्यावर प्लास्टिक. उघडली की आधी प्रत्येक पट्टी दाबून बघायचे. दमट हवेने लाकूड फुगलं की दाबलेली पट्टी वरच येत नाही आणि एक सूर सारखा वाजत राहतो. एकदा तसंच झालं. मामांनी त्या सुरालाच षड्ज, म्हणजे सा, धरलं आणि सगळं गाणं त्याच्यावर बसवलं! आम्हाला वाटलं मुद्दाम केलंय. पुढे तबला शिकायला लागलो तेव्हा कळलं की त्या माणसाने काय केलं होतं.

कडवं नाही आठवत. वर्गातल्या मित्रांना विचारतो.

---

कंडक्टरची लेक

माझे बाबा देवगड डेपोला कंडक्टर होते. पेटीमामांच्या पेटीचं लगेज तिकीट फाडायचं की नाही यावर बाबांच्या मनात कायम घालमेल असायची. नियम म्हणजे नियम, बाबा तिकीट फाडायचे आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे. मामांना हे कळलं तेव्हा ते घरी आले, आईच्या हातात नारळ ठेवले आणि म्हणाले, "वैनी, तुमच्या घोवाक सांगा, माझ्या पेटयेचा तिकीट मीच काडतलंय. ती माझी शेती हा."

तिसरं कडवं मला येतं! आम्ही देवगडच्या शाळेत म्हणायचो:

पाच आंबे, सहा बाठी,
आये इचारता, "कोणासाठी?"
देवगडची पोरां म्हणतत,
"आमच्यासाठी! आमच्यासाठी!"

शेवटची ओळ एवढ्या मोठ्याने की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला यायचे.

---

सुरंगी

ताई, किती आभार मानू! हेच असणार. उद्याच वर्गात घेते.

---

डबलबारी

मी भजनी माणूस आहे. गेली बावीस वर्षं डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, पेटी वाजवतो. मामांबद्दल गाण्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण मुलांसाठी गाणं म्हणजे सोपं काम असा समज आहे आणि तो मला खटकतो.

आपण मोठी माणसं गाणं आपल्या गळ्यासाठी बांधतो. वरचा सा लावला की टाळी मिळते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्याचा आवाका मुळात थोडा. तार सप्तकात नेलं की ते गात नाही, किंचाळतं. खाली मंद्रात नेलं की नुसते ओठ हलतात. मामांची गाणी म्हणून बघा. सगळी चाल सा ते प. फार झालं तर धैवताला शिवून परत. पाच सुरांत चाल बांधायची आणि ती कंटाळवाणी होऊ द्यायची नाही, हे बुवा लोकांनाही जड जाईल.

दुसरं, ताल. बहुतेक गाणी केरव्यात. केरवा आठ मात्रांचा. मामा शब्द सहाव्या मात्रेला संपवायचे आणि शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या सोडायचे. पेटीही थांबायची. त्या रिकाम्या जागेत मुलं आपोआप टाळी द्यायची, कुणी शिकवावं लागत नसे. मी एकदा त्यांच्या साथीला ढोलकी धरली होती आणि सवयीप्रमाणे तिथे तिहाई (एकच तुकडा तीनदा) टाकली. कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, ती जागा पोरांची. थय तू येव नको."

अजून एक. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) दाखवता येत नाहीत, असे आक्षेप होते. मामा लहानपणी शिकत होते ते नेमके बंदीच्या काळात. शहाण्यांनी बाजूला काढलेलं वाद्य कोकणातल्या प्रत्येक देवळात मात्र वाजत होतं. मुलांसाठी पेटीइतकं सोयीचं वाद्य मला दुसरं माहीत नाही. सूर स्थिर राहतो, मुलाला त्याला धरून चालता येतं.

मात्र देवगडचं कडवं वाचून चकित झालो. मी ढोलकीला होतो तो कार्यक्रम तळाशीलच्या बाजूला होता आणि तिथे आंबे नव्हते. तिथे सुंगटा (कोळंबी), कुर्ल्ये (खेकडे) आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), असं:

पाच सुंगटा, सहा कुर्ल्ये,
रापण इचारता, "कितके उरले?"
पोरां म्हणतत, "एकच हा,
मांजरान खाल्ल्यान दहाच्या दहा!"

---

खाडीपलीकडचा

अकरातले दहा गेले, उरला एक. वजाबाकी पण शिकवली की!

---

सुरंगी

दोन कडवी? मग आंब्याचं चौथं असेल का? पण दोन्ही 'पाच' नेच सुरू होतात.

---

कळसूत्री

मी पिंगुळीजवळचा. मामा आमच्याकडे बऱ्याचदा यायचे, गायला कमी आणि बघायला जास्त. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथी हे सगळं आमच्या गावात पिढ्यानपिढ्या आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे बऱ्याचजणांनी वाचलं असेल. त्याच्या कितीतरी आधी मामा ओट्यावर बसून चित्रकथी बघायचे. एकेक चित्र समोर धरायचं, गोष्ट सांगायची, गायची, हुडुक (छोटं चर्मवाद्य) आणि टाळ साथीला. मामांना त्यात काय हवं होतं ते मला पुढे कळलं. चित्र बदलताना सांगणारा क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात ऐकणारा पुढचं चित्र मनात काढतो. डबलबारीदादांनी ज्या दोन रिकाम्या मात्रा सांगितल्या, त्या मला तिथल्याच वाटतात. दादांना पटेल न पटेल.

आमच्या भागातलं कडवं तिसरंच आहे. आम्ही समुद्रापासून आत, तांबड्या मातीवाले:

पाच काजी, सहा बोंडां,
आजो आराडता, "धुवा तोंडां!"

पुढच्या दोन ओळी आठवत नाहीत. बोंडांच्या रसाचे डाग पडलेले सदरे घालून आम्ही हे म्हणायचो एवढं नक्की.

---

नवा_पालक

धागा छान आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे. मोबाइलवर मराठी बालगीतं भरपूर मिळतात, रंगीत चित्रांसकट, वाद्यमेळ उत्तम. ती ऐकते, तिला आवडतात. गावोगाव पेटी घेऊन फिरणाऱ्या माणसाची आज खरंच गरज उरली आहे का? की आपण आपलं बालपण शोधतो आहोत?

---

बालवाडीताई

नवा_पालक, प्रश्न चुकीचा नाही. मी एकोणीस वर्षं बालवाडी चालवते. फोनवरचं गाणं मुलांसाठी थांबत नाही, एवढंच उत्तर देईन. मूल शब्दात अडखळलं, गाणं पुढे गेलं. मुलाने 'आणि मांजर?' असं विचारलं, गाणं पुढे गेलं. काही मुलं माझ्याकडे तीस गाणी 'ओळखत' येतात पण एकही म्हणत नाहीत. मामा आले की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात लाजऱ्या मुलाचं नाव विचारायचे आणि ते गाण्यात घालायचे. आमच्याकडे एक मुलगा होता, वर्षभर शाळेत एक शब्द बोलला नव्हता. मामांनी त्याचं नाव होडीला दिलं. होडी कुठे चालली विचारलं. तो म्हणाला, "घरी." सगळा वर्ग स्तब्ध. मामांनी पेटी थांबवली नाही, 'घरी' वर तान घेतली.

ध्वनिमुद्रित गाणी वाईट म्हणत नाही मी. मीना खडीकरांनी स्वतःच्या मुलांच्या, योगेश आणि रचनाच्या, आवाजात बालगीतं केली ती आमच्या पिढीला पाठ आहेत, आणि ती टिकली याचं एक कारण मुलांचा खरा आवाज. आपल्या वेंगुर्ल्यात जन्मलेल्या पाडगावकरांनी मुलांसाठी लिहिलेलं तर प्रत्येक बालवाडीत आहे. फोनवर लावा, पण दुसऱ्यांदा फोन बंद करून तुम्ही म्हणा. बेसूर म्हणा. तिला चालेल.

---

नवा_पालक

ताई, करून बघतो.

---

टोरांटोची मालवणी

मूळची आचऱ्याची, सव्वीस वर्षं कॅनडात. मामांचं वाचताना मला सारखी इथल्या रॅफीची आठवण येत राहिली. रॅफी कवुकियन. जन्म १९४८ चा, कैरोतल्या आर्मेनियन कुटुंबातला. दहा वर्षांचा असताना घरचे कॅनडात आले. तरुणपणी कॉफीच्या दुकानांत गिटारवर लोकगीतं गायचा, फारसं काही चाललं नाही. मग एका बालवाडीत गायला बोलावलं आणि त्याला त्याचा प्रेक्षक सापडला. मुलांसाठीची पहिली तबकडी १९७६ ची. व्हँकुव्हरच्या मत्स्यालयात पांढरी बेलुगा (देवमाशाची एक जात) बघून केलेलं गाणं १९८० चं. आज इथली तीन पिढ्यांची माणसं ते म्हणतात. माझी मुलं त्याच्यावर वाढली.

पण मला त्याच्या गाण्यांहून त्याचा नकार मोठा वाटतो. मुलांना उद्देशून जाहिरात करायची नाही, आपलं गाणं मुलांना वस्तू विकायला द्यायचं नाही, यावर तो आयुष्यभर अडून राहिला. त्या बेलुगाच्या गाण्यावर चित्रपट करायचा प्रस्तावही त्याने नाकारला, कारण त्यामागे मुलांना माल विकणं येणार होतं.

हे सांगायचं कारण असं. साल १९८९ किंवा ९० असेल, मुंबईतली एक कॅसेट कंपनी मामांकडे आली होती. माझे वडील तेव्हा त्यांच्याबरोबर गेले होते म्हणून मला माहीत. आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. मग म्हणाले, मध्ये मध्ये एका गोळ्या-चॉकलेटवाल्याचं नाव घाला, होडी तिकडेच चालली आहे असं म्हणा. मामा म्हणाले, "होडी खय चल्ली ता पोरां सांगतली. तुमी नाय." कॅसेट निघाली नाही, ध्वनिमुद्रणही परत दिलं नाही, येण्याजाण्याचं भाडंसुद्धा मिळालं नाही. वडील सांगतात, परतीच्या गाडीत मामा पेटी मांडीवर घेऊन रात्रभर बसून होते. त्यांना नाव मिळायला हवं होतं. मिळालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

---

सुरंगी

मालवणीताई, हे मला माहीत नव्हतं. मामांनी कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले होते की माझा आवाज कुठे ठेवलेला नाही.

त्यांना बोलणारे आणखीही होते. एका शाळेत वरिष्ठांपैकी कुणी तपासणीला आले आणि म्हणाले, मुलांची भाषा बिघडते, शुद्ध मराठीत गा. मामांनी त्या दिवशी शुद्ध मराठीत गायलं, अपमान केला नाही. पण मुलांनी उत्तरं मालवणीतच दिली. मी त्या वर्गात होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की घरी आई बोलते ती भाषा गाण्यात बसते. आज माझ्या पहिलीच्या मुलांना मी आधी त्यांच्या बोलीत बोलू देते, वाचन त्यानंतर आपोआप सुधारतं, हा माझा रोजचा अनुभव आहे.

---

पालगडचा

मी दापोलीकडचा, मामांना बघितलेलं नाही. पण आमच्या पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी जे गोष्टींनी केलं, तेच यांनी पेटीने केलं असं वाटलं. गुरुजींच्या मागे १९५१ पासून कथामाला चालली, गावोगाव शिक्षकांनी गोष्टी सांगितल्या. गाण्यांची अशी माळ कुणी लावली नाही. या धाग्यावर निदान शब्द तरी जमा होत आहेत. चालींचं काय? डबलबारीदादा, तुम्ही सुरावटी लिहून द्याल का?

---

डबलबारी

देतो. होडीच्या गाण्याची आजच बसून लिहितो. बाकीची ज्यांना येतात त्यांनी फोनवर गाऊन पाठवा, गळा कसाही असो. मी सूर शोधून काढेन.

---

सुरंगी

मंडळी, तिसऱ्या कडव्याचा उलगडा झाला.

काल मामांच्या लेकीने त्यांची वही दिली. लांबट, हिशेबाची असते तसली, कडा वाळवीने खाल्लेल्या. होडीच्या गाण्याच्या पानावर पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि खाली:

पाच ........, सहा ........,
........ इचारता, "........?"

एवढंच. त्यापुढे अकरा पानं गावांची नावं. प्रत्येक गावासमोर तारीख आणि मुलांनी सांगितलेल्या ओळी. देवगड, आंबे. तळाशील, सुंगटा. पिंगुळी, काजी. कळसूत्रीदादा, तुमच्या हरवलेल्या दोन ओळीही त्यात आहेत, वेगळ्या पाठवते. खाडीपलीकडच्या दादांच्या शाळेचं नाव दोनदा आलंय, दोन वेगळ्या वर्षांचं, कडवी वेगळी. मी आतापर्यंत ४३ गावं मोजली, अजून चार पानं राहिलीत. म्हणून मामा हसायचे. मी माझ्या गावचं कडवं शोधलं तर ते माझ्याच अक्षरात निघालं. मुलांनी लिहिलेलं त्यांनी कापून चिकटवलं होतं. मी तेव्हा सात वर्षांची.

वहीची पानं फोटो काढून एकेक करून इथे टाकते. आपापलं गाव शोधा.

---

कंडक्टरची लेक

म्हणजे आमचं कडवं आम्हीच केलेलं होतं. बाबांना वाचून दाखवलं. ते आता ऐंशी पार आहेत, काही बोलले नाहीत, पण 'आमच्यासाठी' ला टाळी बरोबर दिली.

---

खाडीपलीकडचा

दोन वर्षांची दोन्ही टाका, ताई. एक आमच्या वर्गाचं, दुसरं माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गाचं असणार.

---

सुरंगी

दोन्ही टाकली आहेत, खालून तिसरं पान.

आज वर्गात रिकामी जागा तशीच फळ्यावर लिहिली आणि पेटी पुढ्यात घेतली. आमचा पट अकरा, पाच मुली, सहा मुलगे. आमच्यासारख्या कमी पटाच्या शाळांबद्दल काय बोललं जातं ते मुलं घरी ऐकतात, हे मला माहीत होतं, पण ते गाण्यात येईल असं वाटलं नव्हतं. पाऊस कौलांवर आपटत होता. एकेक ओळ वेगवेगळ्या मुलाने दिली, शेवटची सगळ्यांनी मिळून. वहीच्या शेवटच्या पानावर, मामांच्या अक्षराखाली, गावाचं नाव आणि आजची तारीख घालून लिहून ठेवलं:

पाच चेडवां, सहा झील,
वाट इचारता, "कितके मैल?"
पोरां म्हणतत, "पावस पडांदे,
शाळा आमची उघडी असांदे!"